ली-फ्राउमेनी सिंड्रोमसाठी जनुकीय पॅनेल चाचणी: कितपत भरवशाची?

आनुवंशिक कॅन्सरची शंका आली की हल्ली एकेक जनुक न तपासता थेट पॅनेलच (अनेक जनुकांची एकत्र चाचणी) करतात. बहुतेक जनुकांसाठी ते उत्तम. लहान वयापासून अनेक प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या ली-फ्राउमेनी या आनुवंशिक विकाराला कारण असलेलं टीपी५३ हे जनुक मात्र फसवं आहे, आणि नेमकं तिथेच चांगली सेवा कोणती ते कळतं.

नमुना देणं सोपं: जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये दोन ते चार मिली रक्त. हेपॅरिनची ट्यूब चालत नाही, ते पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेत) अडथळा आणतं. अॅड्रिनल ग्रंथीच्या बाह्यस्तराचा किंवा मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससचा कॅन्सर असेल, किंवा स्तनाचा कॅन्सर ३१ वर्षांच्या आत झाला असेल, तर घराण्यात कुणालाही कॅन्सर नसला तरी ही चाचणी करावी. काहींमध्ये बदल नव्यानेच उद्भवलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. आई किंवा वडिलांकडून आलेला बदल साधारण ५० टक्के रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांमध्ये) दिसतो. रिपोर्टमध्ये हा आकडा १०-२० टक्के असेल तर थांबा. वाढतं वय किंवा आधीची केमोथेरपी यांमुळे फक्त रक्तपेशींच्या एखाद्या समूहात टीपी५३ बिघडलेलं असू शकतं. तो आनुवंशिक दोष नव्हे. मोझॅइसिझमचीही, म्हणजे शरीराच्या काहीच पेशींत बदल असण्याची, शक्यता राहते. लाळेचा नमुना देऊन हा पेच सुटत नाही, कारण लाळेतही पांढऱ्या पेशी असतातच. त्वचेचा छोटा तुकडा काढून त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि त्यांत तोच बदल शोधायचा. याला काही आठवडे जातात, पण घाईत आयुष्यभराचं चुकीचं लेबल लागण्यापेक्षा ते परवडलं. दात्याकडून बोनमॅरो प्रत्यारोपण झालेल्यांनी तर रक्त देऊच नये. रिपोर्ट दात्याचा येईल.

रीड्समधला हा टक्का न छापणारी लॅब आमच्या मते टीपी५३साठी अपुरी. एक्सॉनच्या (जनुकातल्या भागांच्या) डिलीशन-डुप्लिकेशनची, म्हणजे ते गळाले किंवा दुप्पट झाले का याची, तपासणी पॅनेलमध्ये धरली आहे का, हेही आधी विचारा. नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये ती निसटू शकतात.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर त्यावरून ना शस्त्रक्रिया ठरवावी, ना नातेवाइकांची चाचणी करून धोका सांगावा. दर एक-दोन वर्षांनी पुनर्वर्गीकरण झालं का, ते विचारावं.

घरात रोगकारक बदल आधीच सापडला असेल तर नातेवाइकांना सहसा पूर्ण पॅनेल लागत नाही. तेवढी एकच जागा तपासतात. त्यासाठी लॅबला मूळ रिपोर्टची प्रत द्या. तोंडी सांगितलेल्या माहितीवर भलतीच जागा तपासली जाऊ शकते.