उन्हाळ्यातील सराव: पहाटे घ्यावा की संध्याकाळी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा सराव पहाटे घ्यावा की संध्याकाळी, हे आसपासच्या गावांतील प्रशिक्षक आणि पालक दर एप्रिलमध्ये मला विचारतात. ब्रम्हपुरीच्या पट्ट्यातील आमच्या गावात मी कबड्डीचा आणि धावण्याचा सराव घेतो. पहिली २ वर्षे तो संध्याकाळी घेतला, त्यानंतरची ४ वर्षे पहाटे घेत आहे. भर दुपारी सराव नको, हे सर्वांनाच ठाऊक आहे. अडतो तो प्रश्न या दोन वेळांचा.

संध्याकाळच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मे महिन्यात आमच्याकडील कितीतरी घरे पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात आणि मोठी मुलेही सोबत निघतात. पहाटेचा सराव ठेवला की नेमकी हीच मुले गळतात, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत काटक मुले हीच असतात. मुलींना अंधारात पाठवायला घरचे धजावत नाहीत. वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या आमच्या भागात ही धास्ती अवास्तव म्हणता येणार नाही. त्यातच रात्री वीज गेली की कूलर बंद पडतो, मुले अंगणातल्या खाटेवर उशिरापर्यंत तळमळत राहतात, आणि झोप अपुरी असली की शरीराला उष्मा सोसत नाही.

पण सूर्य कलला म्हणजे धोका टळला, असे मात्र नाही. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली होती, तरी ६८ पैकी २८ धावपटूंना ती अर्ध्यावर सोडावी लागली. तेथे दमटपणा होता, आपल्याकडे मे महिन्यात कोरडी धग असते, हा फरक मान्य. तरी सूर्य मावळल्यावरही आमच्या मैदानाची चोपलेली माती तळपायांना चटके देते, आणि खाली पडलेला खेळाडू त्या मातीवर हात टेकताच झटकन उचलतो. उलट दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते.

तरीही निव्वळ तापमानावरून मी वेळ बदलली नसती. संध्याकाळी समोर उभ्या राहिलेल्या मुलाचा दिवस कसा गेला, हे मला कळत नसे, आणि याच गोष्टीने माझा निर्णय झाला. दुसऱ्या वर्षी १५ वर्षांचा एक मुलगा, आमचा सर्वांत चपळ चढाईपटू, दुपारभर नातलगाच्या वरातीपुढे नाचून थेट सरावाला आला. त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिसऱ्या चढाईनंतर तो आपल्या बाजूला परतण्याऐवजी समोरच्या संघाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. विचारल्यावर "काई नाई झालं, सर" म्हणाला, पण गुडघ्यावरची सुटलेली पट्टी त्याच्या बोटांना काही केल्या बांधता येईना. अंग घामाने निथळत होते, त्यामुळे मला उष्माघाताची शंकाही आली नाही. ऊन लागलेल्याचे अंग कोरडे पडते, असेच मी ऐकत आलो होतो. श्रमामुळे होणाऱ्या उष्माघातात घाम सुरूच राहू शकतो, हे नंतर डॉक्टरांकडून कळले.

एका पालकाने त्याला उचलून गुरांच्या हौदात बसवले, दोघांनी मान धरली, बाकीचे डोक्यावर पाणी ओतत राहिले. १०८ ची गाडी आली तेव्हा तो स्वतःचे नाव नीट सांगू लागला होता. मूल बरळू लागले वा गोंधळले तर आधी अंग थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे, हाच क्रम योग्य आहे. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

पहाटे आलेले मूल निदान रात्रभर सावलीत पडून आलेले असते, म्हणून मला पहाट बरी वाटते. साडेपाचला सुरुवात करून सातला मी सराव थांबवतो. पहिले १० ते १४ दिवस मेहनत हळूहळू वाढवतो, कारण शरीर उष्म्याला सरावायला तेवढा काळ घेतेच. ज्यांच्या गावी मुले दिवसभर घरातच असतात, त्यांना संध्याकाळ चालूही शकेल. जूनमध्ये मात्र पाऊस लांबला की ढगाळ उकाड्यात घाम सुकत नाही. अशा वेळी मी दोन्ही वेळांचे धावणे बंद ठेवतो.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलातून परतलेल्या मुलांना मी अजूनही संध्याकाळीच बोलावतो. त्यांच्याकडून फक्त पकडीचे डाव घोटून घेतो, धावायला लावत नाही. आल्याबरोबर प्रत्येकाला दुपारी कुठे होता, काय खाल्ले आणि लघवी पिवळी झाली का, हे विचारतो, आणि उत्तर देताना कोणी अडखळला तर त्याला त्या दिवशी हौदाजवळच्या कडुनिंबाखाली बसवून ठेवतो.