शरदातलं पक्षीनिरीक्षण: बाग की जलाशय?

सुट्टीची एकच सकाळ हाताशी आहे, तर जवळच्या बागेत जावं की जलाशयावर? नवख्या माणसाला बहुतेक जण बागच सुचवतात. मी आधी विचारेन, शरद नुकता लागलाय की सरत आलाय?

नुकता लागला असेल तर बाग. वटवटे, माशीमार असे चिमुकले किडेखाऊ पक्षी या दिवसांत स्थलांतराच्या वाटेवर असतात. ते रात्रभर उडतात आणि पहाटे दिसेल त्या झाडीत उतरतात. शहरात अशी झाडी बागेतच उरलेली असते. म्हणून काल नसलेला पक्षी आज हजर आणि उद्या पसार. पण उजाडल्यापासूनचे दोनेक तासच कामाचे, पुढे फिरायला येणाऱ्यांची गर्दी. शिवाय पानं अजून दाट असतात, त्यामुळे डोळ्यांपेक्षा कान जास्त लागतात. वटवट्यांची ओळख तर भल्याभल्यांना चकवते. त्यामानाने लाल छातीचा माशीमार दयाळू म्हणायचा: शेपूट झटकन वर उडवतो आणि तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे पांढरे ठिपके दाखवून जातो.

शरद सरत आला की मात्र जलाशय. बदकं तोवर जमू लागतात आणि उघड्यावर तासन्‌तास बसून राहतात. फार लवकर गेलात तर निराशा ठरलेली, कारण प्रजननानंतर नरांनी भडक पिसं टाकलेली असतात आणि सगळी बदकं सारखीच तपकिरी दिसतात. अशा वेळी रंग सोडा, चोच पाहा. थापट्या बदकाची चोच डोक्याहून लांब आणि टोकाला पसरट. ती कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. वारकरी नावाचा पाणपक्षी तर काळ्या अंगावरच्या पांढऱ्या चोचीमुळे लांबूनही कळतो.

पाण्याची पातळीही विचारून घ्या. जलाशय काठोकाठ भरलेला असेल तर उघडा चिखल नाही, आणि चिखल नाही तर चिखलपक्षी फारसे नाहीत; तुतवार तेवढा दगडी काठावरही शेपूट हलवत फिरताना भेटेल. अख्खा थवा एकदम उठला तर आधी आकाशात बघा, बऱ्याचदा वर शिकारी पक्षी असतो.

बागेला ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. जलाशयावर तीच घेऊन गेलात तर मधली बदकं ठिपकेच राहतील. तिथे तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप, म्हणजे जास्त मोठं दाखवणारी एकनळी दुर्बीण, हवी. नसेल तर सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा आणि ऊन तापून हवा थरथरू लागायच्या आत पाहणं उरका.