‘सातारा? फिर तो आप घर के हो!’ – चित्तोडगडावर मी कसा फसलो

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर म्हणून काढली. फाटकी नोट, खोटा पास, बारा वर्षांच्या पोराचं अर्धं तिकीट, सगळं पाहिलंय. सुट्ट्या पैशांवरून मला कुणी गंडवलं नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी चित्तोडगडावर साडेचार तासांत 15,300 रुपयांना टोपी घातली गेली, हे सांगायला आजवर जीभ रेटत नव्हती. पण मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतलं एक जोडपं तिकडे निघालं, त्यांना सगळं सांगितलं, आणि म्हटलं आता लिहूनच काढावं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. वांद्र्याहून उदयपूरला जाणाऱ्या गाडीने मी आणि मंडळी चित्तोडगडला उतरलो. सामान लॉजवर टाकून बाहेर आलो तर ऑटोवाला उभाच. “गाडी ऊपर जाती नहीं साब, सिर्फ ऑटो. नौ सौ, पूरा फोर्ट.” हे पहिलं खोटं. खासगी गाड्या थेट वरपर्यंत जातात, आम्ही नंतर डोळ्यांनी पाहिल्या. पण आमच्याकडे गाडी नव्हतीच, त्यामुळे म्हटलं चालायचंच. नऊशे म्हणजे किती तास, मध्ये थांबायचं किती, हे मी विचारलं नाही. एसटीच्या माणसाने भाड्याचा टप्पा विचारू नये, याला काय म्हणाल?

पायथ्यापासून वर जाताना सात दरवाजे लागतात. पाडन पोल, भैरव पोल, हनुमान पोल, गणेश पोल, जोरला पोल, लक्ष्मण पोल आणि शेवटी राम पोल. आम्ही ते सातही ऑटोच्या खडखडाटात पार केले. भैरव पोलाच्या पुढे जयमल आणि कल्ला यांच्या छत्र्या आहेत. 1568 मध्ये अकबराच्या वेढ्यात पाय जायबंदी झालेल्या जयमलला कल्लाने खांद्यावर घेतलं आणि दोघे तसेच लढले, अशी कथा सांगतात. मी वाचून गेलो होतो. “रुको जरा,” म्हणालो. तो म्हणाला, “आते वक्त दिखाऊंगा.” येताना तो थांबलाच नाही.

राम पोलाच्या आत ऑटो थांबली आणि एक गृहस्थ जणू आमचीच वाट पाहत असल्यासारखे पुढे आले. साठीचे, पांढरीशुभ्र बंडी, कपाळाला कुंकू, गळ्यात दोरीला लावलेलं कार्ड. “खम्मा घणी हुकुम. कहाँ से पधारे?”

“सातारा.”

इथेच सगळं संपलं. बाकीचे चार तास नुसती वसुली होती.

त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “सातारा! छत्रपती महाराज की गद्दी! फिर तो आप घर के हो हुकुम. वो भी सिसोदिया, हम भी सिसोदिया.” आता भोसले घराणं आपला वंश मेवाडच्या सिसोदियांशी जोडतं, 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी ही वंशावळ पुढे आली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ऐकून ठाऊक असतं. पण ते चित्तोडच्या मातीत उभं राहून, तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. मी भोसलेही नाही आणि सिसोदियाही नाही. साधा शेतकऱ्याचा पोर. तरी त्या क्षणी मी गडाचा वारसदार झालो होतो. आणि वारसदार माणूस गाईडला दर विचारत नाही. “क्या लेंगे?” एवढं कसंबसं म्हणालो, तर ते कानाला हात लावून म्हणाले, “घरवालों से क्या लेना. जो खुशी से दें.”

हे वाक्य ऐकलं की तिथून काढता पाय घ्या. ‘खुशी से’ म्हणणाऱ्याची खुशी शेवटी आपल्या खिशाबाहेरची असते. परवानाधारक गाईडच्या ओळखपत्रावर फोटो, नंबर आणि मुदत असते. ह्यांच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘टूरिस्ट गाईड’ होतं आणि एका देवीचं चित्र.

“टिकट मैं ले आता हूँ, वहाँ लाइन है,” म्हणून त्यांनी माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. आम्ही दोघेच. तिकिटं काही हातात आली नाहीत. दीड तासाने एका ठिकाणी तपासनीसाने तिकीट मागितलं, तेव्हा गाईडसाहेब धावत गेले आणि दोन तिकिटं घेऊन आले. बत्तीस वर्षांची सवय, मी आधी वेळ वाचली: 11.52. आम्ही सव्वादहापासून गडावर फिरत होतो. म्हणजे आयुष्यभर विनातिकीट पकडले आणि चित्तोडगडावर दीड तास मीच विनातिकीट! तिकिटावर छापलेली रक्कम आणि माझे तीनशे यांचा मेळ बसत नव्हता, तेही दिसलं. तरी गप्प बसलो. घरच्या माणसाकडे हिशोब कसा मागायचा?

गड मात्र गड आहे. सुमारे 700 एकरांचा पसारा, 2013 पासून जागतिक वारशाच्या यादीत. आजही वर वस्ती आहे, शेळ्या चरतात, पोरं सायकली हाणतात. विजयस्तंभासमोर उभं राहिलं की मान आपोआप मागे जाते. नऊ मजले, 37 मीटर उंच, तळापासून टोकापर्यंत रिकामी बोटभर जागा नाही. राणा कुंभाने माळव्याच्या महमूद खिलजीवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला, 1448 मध्ये पुरा झाला. आमचे गाईड म्हणाले, “महाराणा प्रताप ने बनवाया.” प्रतापांचा जन्मच 1540 चा, तोही कुंभलगडचा. मी अडखळत म्हणालो, “वो तो राणा कुंभा…” त्यावर ते हसले. “हुकुम, किताबवाले कुछ भी लिखते हैं. हम तो खानदानी हैं.” मग थोड्या वेळाने त्यांनी एका पडक्या खोलीकडे बोट करून ‘इथून प्रताप राज्यकारभार पाहायचे’ असंही सांगितलं. प्रतापांना गादी मिळाली 1572 मध्ये, गोगुंद्याला. चित्तोड त्याआधी चार वर्षं अकबराच्या हाती गेलेला. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मान डोलावत होतो. फसणं असं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, माहिती नसलेला माणूस फसतो.

समिद्धेश्वराच्या देवळात आत तीन मुखांची शिवाची प्रचंड मूर्ती आहे, अंधारातून हळूहळू दिसायला लागते. आम्हाला तिथे पाच मिनिटं मिळाली. खाली गोमुख कुंडाच्या पायऱ्या उतरायच्या होत्या, तर “भाभीजी के घुटने दुखेंगे.” कालिकामातेचं देऊळ मुळात आठव्या शतकातलं सूर्यमंदिर, भिंतीवर सूर्याची शिल्पं अजून आहेत, ती पाहायची होती. “वहाँ आज भीड़ है.” जैनांचा कीर्तिस्तंभ विजयस्तंभाहून जुना, तो तर लांबूनच दाखवला. त्याऐवजी एका लहानशा देवळीत नेलं. तिथल्या माणसाने गोत्र विचारलं, नारळ फिरवला आणि ‘शहीदों के नाम अखंड ज्योत’ म्हणून 1,100 रुपये सांगितले. रोख नाहीत म्हटल्यावर हळदीकुंकवाच्या ताटाखालून लॅमिनेट केलेला क्यूआर कोड बाहेर आला. स्कॅन केल्यावर मोबाइलवर देवस्थानाचं नाव यायला हवं. आलं एका माणसाचं नाव, वैयक्तिक खात्याचं. ते मी वाचलं. आणि पिन टाकला. देवाच्या दारात, जौहराच्या भूमीवर, नाव वाचून मागे फिरायची हिंमत झाली नाही.

मग साडीचं दुकान. ऑटो तिथे जाईल हे मला सांगितलंच नव्हतं, ती आपोआप तिथे थांबली. “सरकारी है हुकुम, बुनकरों का. खरीदना जरूरी नहीं, सिर्फ देखो.” आत गादी, थंड पाणी, वेलचीचा चहा. बोलणारा पोरगा इतका गोड की आमच्या साताऱ्याचे कंदी पेढे फिके पडावेत. म्हणाला, ही केळीच्या सोपटाच्या धाग्याची साडी, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. औषधी वनस्पतींचा रंग. मग त्याने काउंटरवरच्या रिळातला धागा ओढला, लायटर लावला, राख बोटावर चोळून दाखवली. “देखिए, प्लास्टिक नहीं.” पांढऱ्या रुमालावर साडीचा पदर ओला करून घासला, रंग लागला नाही. किंमत 4,200, पण सातारवाल्यांसाठी तीन साड्या 11,400.

माझी बायको घरी फॉल-पिकोचं काम करते. अठरा वर्षं. हजारो साड्या तिच्या हाताखालून गेल्यात. तिने साडीची किनार दोन बोटांत धरली, उलटी केली, उजेडाकडे नेली आणि खाली ठेवली. एक शब्द बोलली नाही. तीन घ्यायचं मीच ठरवलं: एक तिला, एक बहिणीला, एक वहिनीला. “चित्तोडची आठवण,” म्हणालो.

खाली उतरेपर्यंत ऑटोचे नऊशेचे चौदाशे झाले. ‘वेटिंग.’ गाईडच्या हातावर पाचशे ठेवले तर त्यांनी ते माझ्या बायकोकडे दाखवले, हसले, आणि म्हणाले, “छत्रपती के यहाँ से सिर्फ इतना?” अकराशे दिले.

रात्री लॉजवर बायकोने पिशवीतून साडी काढली. काठाचा एक धागा सुईने मोकळा केला आणि काडी लावली. तो जळला नाही, वितळला, टोकाला काळा कडक मणी झाला. “रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता,” ती म्हणाली. “केळीचा असता तर कागदासारखा जळला असता. त्यानं जाळला तो रिळातला धागा, साडीतला नाही. आणि हातमागाच्या साडीला किनारीला बारीक भोकं असतात, विणताना कापड ताणून धरणाऱ्या पणीकाच्या टोकांची. हिला नाहीत.”

“मग दुकानात का नाही बोललीस?”

“तुम्ही एवढे रंगात आला होता. चारचौघांत तुम्हाला तोंडावर कसं पाडायचं?”

त्या वाक्याने 11,400 पेक्षा जास्त लागलं.

बिल म्हणून गुलाबी कागद होता, वर ‘एस्टिमेट’, शिक्का पुसट. भाचा हिशोबाचं काम करतो, त्याने फोनवर विचारलं, “मामा, जीएसटी नंबर आहे का? राजस्थानचा असला तर 08 ने सुरू होईल.” नंबरच नव्हता. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बिलच मागितलं. तुम्ही गेलात तर पक्कं बिल मिळाल्याशिवाय पैसे काढू नका. रेशीम म्हणून विकत असतील तर सिल्क मार्कचं लेबल मागा, हातमागाची म्हणत असतील तर हँडलूम मार्क. आणि 1363 ही पर्यटकांची हेल्पलाइन गडावरूनच लावा, आमच्यासारखी परतल्यावर आठवू नका.

दुसऱ्या दिवशी उदयपूरची बस दुपारची होती. बायको पहाटेच उठून म्हणाली, “चला, आता गड बघू.” पाडन पोलापासून मैलभराचा चढ आम्ही पायी चढलो. जयमल-कल्लाच्या छत्र्यांपाशी दहा मिनिटं बसलो. वर खिडकीवर स्वतः तिकिटं काढली, मी दोन्ही खिशात नाही, मुठीत धरून फिरलो. गडावर तुळजाभवानीचं देऊळ आहे हे कालच्या माणसाने सातारकरांना सांगितलंच नव्हतं! बनवीरने बांधलं म्हणतात, तोच बनवीर, ज्याच्या तलवारीपासून उदयसिंहाला वाचवायला पन्नाधायने पाळण्यात स्वतःचा मुलगा ठेवला. देवळात आम्ही दोघे आणि एक वानर. बायकोने ओटीचे तांदूळ ठेवले, कुणी काही मागितलं नाही.

बाहेर एक म्हातारी सीताफळं विकत होती. चित्तोडच्या टेकडीवर सीताफळाची झाडं माजलेली आहेत. बायकोने तिला विचारलं, “मावशी, कितने का?” तिने दर सांगितला, आम्ही तिथेच बसून चार खाल्ली, बिया पदरात थुंकत. गप्पा मारताना मी आमचा सातारा काढला. तिला सातारा माहीतच नव्हता. मला हसू आलं. 1791 साली महादजी शिंद्यांच्या फौजेने ह्याच गडाला वेढा दिला होता, मराठ्यांनी मेवाडकडून खंडण्याही कमी वसूल केल्या नाहीत. ‘घर के’ म्हणणाऱ्या माणसाने तो भाग तेवढा गाळला होता, आणि मीही.

त्या गाईडने माझा नंबर घेतला होता. 19 फेब्रुवारीला न चुकता व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. घोड्यावरचे महाराज, खाली गुलाबी फुलं, “जय शिवराय हुकुम 🙏”. आणि लगेच दुसरा: “नया स्टॉक आया है, भाभीजी के लिए.” बायको म्हणते ब्लॉक करा. मी पहिल्या मेसेजला अंगठा देतो.