घरी बाळाचे ठोके ऐकायचं डॉपलर मशीन: एक स्टार, तोही हेडफोनसाठी

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण घरी वापरायची ही मशीन्स बहुतेक सारखीच असतात. माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. पुन्हा दिवस गेले तेव्हा मला रात्री झोपच लागेना म्हणून नणंदेने हे आणून दिलं, तिच्या मनात काळजीच होती, तेव्हा तिने हे वाचलं तरी हरकत नाही.

मशीन तसं ठीक आहे. हातात नीट बसतं, जेल चिकट आहे, हेडफोन मात्र खरंच छान. ठोके सापडले की घोड्याच्या टापांसारखा आवाज येतो आणि रडूच फुटतं. पण सापडेपर्यंतचं काय? वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला असली, बाळ फिरलेलं असलं किंवा पोटावर फिरवायचा प्रोब जरा तिरका झाला तरी काहीच ऐकू येत नाही आणि जिने एकदा सोनोग्राफी करता करता डॉक्टर गप्प झालेले बघितलेत तिच्यासाठी ती पाच मिनिटं म्हणजे काय असतात ते बॉक्सवर कुठे लिहिलेलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे ठोके नसताना ‘सापडणं’. बाळाचे मिनिटाला साधारण ११० ते १६० आणि आपले ६० ते १००, म्हणजे फरक कळेल असं वाटतं, पण घाबरल्यावर आपलेच ११०-१२० होतात आणि मशीन तोच आकडा बिनधास्त दाखवतं. वारेतल्या रक्ताची सूं सूं येते ती वेगळीच.

आणि समजा बाळाचेच ठोके मिळाले, तरी त्यातून एवढंच कळतं की या क्षणाला हृदय चालू आहे. वार नीट काम करेनाशी झाली की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, मग ते ताकद वाचवायला हालचाल कमी करतं, ठोके मात्र बऱ्याचदा त्यानंतरही चालूच असतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, बाळ फिरतंय का? शेवटी जागा नसते म्हणून बाळ कमी हलतं असं सगळ्या सांगतात, ते साफ खोटं आहे. आठव्या महिन्यात एका संध्याकाळी मला हालचाल कमी वाटली, मशीनवर १४२ आले, नवरा म्हणाला ठोके आहेत ना, सकाळी जाऊ. मी त्याच रात्री गेले. तिथे पट्टा लावून बराच वेळ ग्राफ काढला, ठोके कसे वरखाली होतात ते बघितलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. बाळ ठीक होतं, पण ते १४२ वर कळलं नसतं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या एफडीएने तर २०१४ मध्येच सांगितलंय की ही मशीन्स घरी स्वतःहून वापरू नका.

जगात वर्षाला १९ लाखांच्या आसपास बाळं २८ आठवड्यांनंतर जन्माआधीच जातात, त्यातली ४० टक्क्यांहून जास्त तर कळा सुरू झाल्यावर. बीपी, डायबेटीस, इन्फेक्शन, वाढ खुंटणं अशी कारणं असतात, कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही (माझ्या वेळी तेच झालं, तरी ‘काही जड उचललंस का गं’ हे ऐकावं लागलंच). सुरुवातीच्या महिन्यांतल्या मिसकॅरेजमध्ये तर साधारण निम्म्या वेळा क्रोमोसोममध्येच गडबड असते, तिथे जिना चढला काय नि नाही चढला काय.

मशीनसोबतच्या अ‍ॅपबद्दल वेगळं सांगते. त्यात ड्यू डेट बदलता येते, बाळाचं टोपणनाव टाकता येतं, पण प्रेग्नन्सी संपली हे सांगायला एकही बटण नाही. म्हणजे कुणाचं बाळ गेलं तरी ‘या आठवड्यात तुमचं बाळ’ येतच राहणार. बनवणाऱ्यांच्या डोक्यातही आलं नाही का हे?

जेल एकदा उघडलं की परत घेत नाहीत, त्यामुळे माझं कपाटात पडून आहे. चुलत बहिणीने मागितलं होतं, नाही दिलं. तिला म्हटलं, हालचाल कमी वाटली तर कितीही वाजले असू देत, मला फोन कर, मी घेऊन जाते तुला.