‘पेट-सेफ’ फ्लोअर क्लीनर: पावसाळाभर वापरल्यानंतर

घरात एक मांजर, चिंगी, आणि एक म्हातारा गावठी कुत्रा, बंड्या. चिंगी दिवसभर पंजे चाटत बसते, म्हणजे फरशीवर जे उरतं ते तिच्या पोटात जातं. म्हणून उन्हाळा संपता संपता फिनाईल बंद केलं आणि एंझाइमवालं, म्हणजे घाण मोडून टाकणारी प्रथिनं असलेलं, क्लीनर आणलं. किंमत फिनाईलच्या जवळजवळ चौपट.

आधी फिनाईलबद्दल. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून निघणारी फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात. पाण्यात टाकल्याबरोबर दुधासारखं होणारं पांढरं फिनाईल बहुधा पाइन तेलाचं. मांजराला दोन्ही वाईट, कारण ही द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठतं तेही याच कारणाने. ‘जंतुनाशक’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच क्लीनरमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते नीट पातळ न करता वापरलं आणि मांजराने ओले पंजे चाटले, तर लाळ गळते, जिभेवर फोड येतात, खाणं सुटतं. हे कधीकधी काही तासांनी दिसतं, त्यामुळे फरशीशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

आता नव्या बाटलीचं. शू साफ करायला ती खरोखर उत्तम आहे. बंड्याचं वय झालंय, पावसात तो खाली उतरायला कुरकुर करतो आणि बाल्कनीच्या दाराशीच कार्यक्रम उरकतो. पूर्वी तिथे पुसलं तरी दुसऱ्या दिवशी तो नेमका तीच जागा हुंगायचा. शूमधलं यूरिक अॅसिड नुसत्या पाण्याने जात नाही, वास नाकाला मिळतच राहतो. एंझाइम ते मोडतात, पण त्याला वेळ लागतो: क्लीनर ओतून लगेच पुसलं तर पैसे पाण्यात. आधी कागदाने शू टिपून घ्यायची, मग क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं ओलंच ठेवायचं. कढत पाणी नको, त्यात एंझाइम मरतात. त्याच जागी ब्लीच तर अजिबात नको: एंझाइम जातातच, वर ब्लीच आणि शूमधला अमोनिया मिळून घशाला झोंबणारा वायू तयार होतो.

रोजच्या पुसण्याला मात्र हे घेऊ नका. टाइल्सवर चिकट थर राहतो, पायाला जाणवतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं मत तर पहिल्याच दिवशी ठरलं: “ताई, वासच नाही तर पुसल्यासारखं वाटतंय का?” वासासाठी त्यांनी बादलीत कापूर टाकायचं सुचवलं. कापूर पोटात गेला तर कुत्र्या-मांजराला झटके येऊ शकतात, हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसायला आठवडा गेला. ‘हर्बल’ बाटल्यांचंही तेच: टी ट्री, निलगिरी, लिंबूवर्गीय तेलं मांजराला सोसत नाहीत. व्हिनेगर प्राण्यांना चालेल, पण शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर फरशीची चमक जाईल.

सध्या रोज साधं पाणी आणि थेंबभर भांड्यांचा साबण, नंतर एकदा स्वच्छ पाण्याचा पोछा. खरा फरक पडला तो वाळण्याने. जुलैत फरशी तासभर ओलसर राहते, तेव्हा पुसून झालं की पंखा फुल्ल आणि दोघं बेडरूममध्ये. बादलीही लगेच रिकामी, बंड्याला तिच्यातलंच पाणी गोड लागतं.

कधी पंजे भरलेच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, उलटी करवायला जाऊ नका, आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. लेबलवर घटकच छापले नसतील तर ती बाटली मी घेतच नाही, मग वर कितीही गोंडस पिल्लाचं चित्र असो.

पुन्हा घेईन का? हो, पण लिटरचीच बाटली, फक्त बाल्कनीच्या दारासाठी. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो खरा, पण उन्हाळ्यात तो पडून राहिला तर एंझाइमचा जोर ओसरतो.