घुरैबे, बराझेक की मामूल: सीरियन गोड बिस्किटं शिकताना पहिलं काय करावं?

सीरियन बेकिंग शिकायचं म्हटलं की बहुतेक जण घुरैबेकडे बोट दाखवतात, कारण साहित्य तीनच: मैदा, तूप, पिठीसाखर. मला हा सल्ला पटत नाही. साहित्य जितकं कमी, तितकी चूक लपवायला जागा कमी.

घुरैबे नानखटाईच्या फार जवळचे. पण नानखटाईला तडे गेले तरी ती छानच दिसते, खालून लालसर झाली तरी कुणी नाव ठेवत नाही. घुरैबे मात्र गुळगुळीत आणि पांढुरकेच उतरायला हवेत. १५० अंशांच्या आसपास भाजायचे आणि रंग चढायच्या आत काढायचे. तेव्हा ते इतके मऊ असतात की कच्चेच वाटतात. गरम असताना उचलले तर भुगा होतो. ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्यावे लागतात. नवख्या माणसाला झालं की नाही हे कळायला रंगाचीही मदत नाही. शिवाय तूप पातळ असेल तर सगळं पसरतं, म्हणून थिजलेलं तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटायचं. नानखटाईवर हात बसला असेल तर जरूर करा, नाहीतर थोडं थांबा.

बराझेक दमास्कसचे. तिथला मिदान भाग मिठाईच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. एका बाजूला पिस्त्याचे काप, दुसऱ्या बाजूला तीळ, मध्ये पातळ, कुरकुरीत बिस्कीट. पहिला पदार्थ म्हणून मी हाच सुचवेन. तीळ हलके भाजून थोड्या मधात किंवा पाकात कालवायचे. कोरडे लावले तर डब्यात तळाशी जाऊन बसतात. पिठाची लहान गोळी पिस्त्यावर दाबायची, उलटून तिळावर चेपायची. १८० अंशांवर कडा सोनेरी झाल्या की झालं, डोळ्यांना दिसतं. साचा लागत नाही, छोट्या ओव्हनमध्येही जमतं. जाड राहिले तर मात्र मध्ये मऊ पडतात, तेव्हा पातळ करायला कचरू नका. पिस्ते बिनमिठाचे घ्या.

आता मामूल, म्हणजे सारण भरलेली रव्याची बिस्किटं. खरी गोडी इथे आहे, आणि खरे कष्टही. बारीक रव्याला तूप चोळून रात्रभर झाकून ठेवायचं, म्हणजे प्रत्येक कण तूप पितो. दुसऱ्या दिवशी गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचं पाणी घालून हलक्या हाताने मळायचं. सुवासासाठी महलब, म्हणजे एका रानटी चेरीच्या बियांतला गर, वाटून घालतात. नाही मिळालं तर सोडून द्या. वेलदोडा भरमसाट घातलात तर तो निराळाच पदार्थ होईल. सारण खजुराचं, अक्रोडाचं किंवा पिस्त्याचं. आत काय आहे ते बाहेरून ओळखू यावं म्हणून प्रत्येकाचा आकार सहसा वेगळा ठेवतात. भाजून झाल्यावर अक्रोड-पिस्त्याच्या मामूलवर पिठीसाखर भुरभुरवतात, खजुराचे बहुधा तसेच ठेवतात.

लाकडी साचा दांड्याचा असतो. आपल्या मोदकाच्या साच्यासारखा तो उघडत नाही, ओट्यावर आपटून मामूल बाहेर पाडावा लागतो. हे सवयीनेच जमतं. सीरियात ईदला मुसलमान घरांत आणि ईस्टरला ख्रिस्ती घरांत हा होतो, आणि बायका एकत्र बसून ढिगाने करतात. एकट्याने एका दुपारी उरकायचा हा प्रकार नव्हे. चार हात आणि दोन दिवस असतील तर बराझेक बाजूला ठेवून थेट मामूलच घ्या. करंजीचं सारण भरायची सवय असलेल्या हातांना तो लवकर वळतो. लेबनॉन आणि पॅलेस्टाईनमध्येही मामूल होतो, त्यामुळे पाककृतींत फरक दिसले तर बिचकू नका, पण एकच धरून ती दोन-तीनदा करा.

बकलावा या तुलनेत मुद्दाम घेतलेला नाही. त्याचे कागदासारखे पापुद्रे घरी लाटणं हे वर्षानुवर्षांचं कसब आहे. सीरियातली बहुतेक घरंही तो दुकानातूनच आणतात.