लाडकी बहीणच्या पैशांवर 'कर' मागायला कुणी दारात आलं तर

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार ज्यांच्या खात्यात जमा होतात, त्यांच्या घरी 'कर पडताळणी'च्या नावाखाली माणसं फिरतायत. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या जावेला त्यांनी १२,४०० रुपयांना गंडवलं. मी परळला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते. त्यामुळे हे प्रकरण झाल्यापासून तिच्या बिल्डिंगमधल्या बायका मला एकच विचारतात: ताई, खरंच टॅक्स लागतो का हो? फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहिते.

२०२५ची दिवाळी होऊन गेली होती, ऑक्टोबरचा हप्ता नुकताच पडला होता. त्या दिवसांत बायकांच्या डोक्यात ई-केवायसीशिवाय (आधारवरून होणाऱ्या ऑनलाइन ओळख पडताळणीशिवाय) दुसरं काही नव्हतं. सप्टेंबरात ती सक्तीची झाली. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. साइट लटकायची, ओटीपी यायचा नाही, मुदत मात्र जवळ येत होती (ती नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली). त्याआधी जुलैमध्ये सरकारनेच जाहीर केलं होतं की २६ लाखांवर अर्जदार अपात्र वाटल्याने त्यांचा लाभ थांबवलाय. त्यामुळे 'तुमचे पैसे बंद होतील' एवढं म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा यायचा. या लोकांनी नेमकी ती वेळ साधली.

दुपारची वेळ, पुरुष माणसं कामावर. एक बाई आणि एक तरुण मुलगा, दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं, मुलाच्या हातात टॅब. बाई बोलायला एकदम गोड, 'मावशी मावशी' करत आत आली आणि पाणीसुद्धा मागून प्यायली. जावेचं पूर्ण नाव, आधारचे शेवटचे चार आकडे आणि खातं कुठल्या बँकेत आहे ते तिने आपणहून सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या घरात आयकरदाता दिसतोय. मुलाच्या नावाने रिटर्न भरलंय ना?"

भरलं होतं, ही गोष्ट खरी. माझा पुतण्या मध्यंतरी काही महिने एका मंडप-डेकोरेशनवाल्याकडे ठेक्यावर होता. त्या डेकोरेशनवाल्याने मोबदल्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला होता. ते चार पैसे परत मिळावेत म्हणून पुतण्याने कोपऱ्यावरच्या फॉर्म भरून देणाऱ्याकडून रिटर्न भरून घेतलं. (माझ्याकडे का नाही आला, हा आमच्या घरातला वेगळा विषय.) आता योजनेच्या नियमांतच आहे की कुटुंबात कुणी आयकर भरणारा असेल तर लाभ मिळत नाही. जावेला हा नियम माहीत होता. रिटर्न भरणं म्हणजे उत्पन्नाचा हिशेब सरकारला कळवणं, कर भरणं वेगळं, हे तिला माहीत नव्हतं आणि ते माहीत असायचं कारणही नाही. माझ्या पुतण्यावर एक रुपयाही कर बसला नव्हता, उलट सरकारकडून परतावा आला होता. पण ही माहिती त्या बाईपर्यंत गेली कशी? मला संशय आहे, पुरावा नाही, म्हणून इथे कुणाचं नाव घेत नाही.

पुढचा हिशेब तिने टॅबवर करून दाखवला. जुलै २०२४ पासून सोळा हप्ते, म्हणजे २४,००० रुपये. त्यावर 'शासकीय लाभ कर' दहा टक्के, म्हणजे २,४००. आज भरला तर पात्रता कायम, नाही भरला तर सगळे २४,००० वसूल होणार, शिवाय दंड. जाव म्हणाली, मुलगा घरी आला की भरते. त्यावर बाईने आवाज बदलला. "मावशी, आज लिस्ट वर जाते. उद्या मी काही करू शकणार नाही." क्यूआर कोड स्कॅन केला तर कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. जावेने विचारलंसुद्धा. उत्तर तयार होतं: "ते आमच्या वसुली अधिकाऱ्यांचं नाव, सरकारी खातं असंच दिसतं."

पैसे गेल्यावर मुलाने खिशातून अंगठा घ्यायचं छोटं मशीन काढलं. आमची जाव लोकांच्या घरी पोळ्या करते. बोटं पिठाने आणि तव्याच्या चटक्यांनी इतकी घासलेली, की रेशनच्या दुकानातसुद्धा तिचा ठसा पटकन उमटत नाही. मुलाने ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला, फुंकर घातली, दोन-तीनदा दाबायला लावला. मशीनची लाल लाइट लागत-विझत होती. "आला मावशी, झालं तुमचं," म्हणाला. बाईने एक शिक्का मारलेला कागद हातात दिला आणि दोघं समोरच्या बिल्डिंगकडे गेले.

बँकेचा मेसेज मोठ्या दिरांच्या मोबाइलवर येतो आणि ते वॉचमन आहेत, ड्युटीवर फोन लॉकरमध्ये. रात्री घरी येताना त्यांनी बघितलं: आधारवरून १०,००० रुपये काढले. ती रक्कम म्हणजे जावेने खात्यातून न काढता साठवलेले हप्ते, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. आधार नंबर आणि अंगठ्याचा ठसा एवढ्यावर खात्यातून रोख काढता येते, त्याला एईपीएस म्हणतात. खेड्यापाड्यात जिथे बँक लांब आहे तिथे ही सोय मोलाची आहे. इथे मात्र तिला आपण पैसे काढतोय हेच माहीत नव्हतं.

तो शिक्क्याचा कागद मी दुसऱ्या दिवशी पाहिला आणि मला हसावं की रडावं कळेना. वर सिंहमुद्रा, खाली ठळक अक्षरांत 'आयकर विभाग, महाराष्ट्र शासन'. अहो, आयकर विभाग केंद्र सरकारचा. महाराष्ट्र शासनाचा त्याच्याशी संबंध नाही. पत्ता 'आयकर भवन, मंत्रालयासमोर'. आयकर भवन चर्चगेटला, महर्षी कर्वे रोडवर आहे, रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कागदावर डीआयएन नव्हता. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या नोटिशीवर हा दस्तऐवज क्रमांक असावा लागतो. विभागाच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो टाकून नोटीस खरी की खोटी ते बघता येतं. माझ्या ऑफिसात कुणी नोटीस घेऊन आलं की आम्ही मजकूर वाचायच्या आधी तो नंबर तपासतो.

आता कराचं. योजनेची अट काय? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. जुन्या करप्रणालीत कर सुरू कुठे होतो? अडीच लाखांच्या वर. नव्या करप्रणालीत तर २०२५-२६ या वर्षासाठी चार लाखांपर्यंत काहीच नाही, आणि सवलत धरून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे जी बाई या योजनेला पात्र आहे, तिचं वर्षाचं १८,००० रुपयांचं अनुदान उत्पन्नात धरलं काय, न धरलं काय, तिच्यावर आयकर बसत नाही. लॉटरी-बिटरी लागली असेल तर गोष्ट वेगळी. एवढा एक हिशेब डोक्यात ठेवलात तर ती बाई कितीही गोड बोलली तरी चालेल.

'पण कायद्यात सरकारी अनुदान हे उत्पन्नच धरतात ना?' असं एका शेजारणीच्या शिकलेल्या जावयाने मला ऐकवलं. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. २०१५ मध्ये उत्पन्नाच्या व्याख्येत सरकारी सबसिडी, अनुदान वगैरे घातलं गेलं आणि तेव्हा गॅस सिलिंडरच्या सबसिडीवर कर लागणार अशी बोंब उठली होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी खुलासा केला की धंद्या-व्यवसायाशी संबंध नसलेल्या, माणसाला व्यक्तिशः मिळणाऱ्या गॅस सबसिडीला ते लागू नाही. ती तरतूद धंद्यांना मिळणाऱ्या अनुदानांसाठी होती. आणि समजा उद्या एखाद्यावर खरोखर कर निघाला, तरी तो दारात येऊन क्यूआर कोडवर कुणी घेत नाही. आयकराच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मधून किंवा बँकेत चलनाने भरतात. त्या चलनावर तुमचा पॅन असतो, बँकेच्या शाखेचा ओळख क्रमांक, म्हणजे बीएसआर कोड असतो, आणि भरलेला पैसा नंतर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो. जावेकडे तर पॅनकार्डच नाही. कर भरला कुणाच्या नावावर?

ही युक्ती काही विक्रोळीत जन्माला आलेली नाही. करोनाच्या काळात अमेरिकेत सरकारने लोकांना थेट पैसे वाटले, २०२० मध्ये प्रौढ माणसाला १,२०० डॉलरपर्यंत, मग ६००, मग २०२१ मध्ये १,४००. ते करपात्र नव्हते, कारण कायद्याने ती कर-सवलतीचीच आगाऊ रक्कम होती. मात्र त्याच काळातला बेकारी भत्ता तिथे करपात्र होता, म्हणून लोकांचा गोंधळ उडाला, आणि तिथल्या कर खात्याला एप्रिल २०२० मध्येच ठगांपासून सावध राहा म्हणून जाहीर सांगावं लागलं. सरकार पैसे देतं तिथे त्या पैशांवर 'फी' मागणारा हजर होतोच.

त्या रात्री पुतण्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला, लागेपर्यंत वेळ गेला, पण तक्रार नोंद झाली आणि क्रमांक मिळाला. सायबर क्राइमच्या पोर्टलवर बाकीचे तपशील आणि कागदाचा फोटो चढवला. २,४०० ज्या खात्यात गेले ते खातं तोवर रिकामं झालं होतं. बँकेतल्या साहेबांचं पहिलं वाक्य: "ठसा तुमचाच आहे, आम्ही काय करणार?" हे वाक्य ऐकून परत फिरू नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही असा व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला तर ग्राहकावर भार येत नाही. फसवून घेतलेला ठसा त्यात बसतो की नाही यावर बँक वाद घालते, आमच्याशीही घालतेय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. आमचा अर्ज तिथे गेलाय.

घरातल्या सगळ्यांचे आधारवरचे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, मी एमआधार ॲपवरून लॉक करून टाकलेत. रेशनला वगैरे ठसा लागला की थोड्या वेळापुरतं उघडायचं, ते आपोआप परत बंद होतं. आधारशी जोडलेला मोबाइल नंबर मात्र हाताशी हवा. ई-केवायसीला ठसा लागत नाही, ओटीपी लागतो आणि तोही तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकायचा. त्यामुळे लाडकी बहीणच्या नावाने कुणी मशीन पुढे केलं, तर दार लावून घ्या. काही विचारायचं असेल तर योजनेची हेल्पलाइन १८१ आहे, अंगणवाडी सेविका आहेत.

समोरच्या बिल्डिंगमध्येही त्या दोघांनी हात साफ केला होता, हे आठवड्याभराने कळलं. त्या बायका घरी सांगायलाच तयार नव्हत्या. एकीने तर पैसे गेले ते नवऱ्यापासून लपवायला भिशीतून उचल घेतली. त्यांना आता एकत्र पोलीस ठाण्यात नेतोय, कारण एकीची तक्रार फाइलमध्ये पडून राहते.

गेल्या आठवड्यात जावेला परत फोन आला. या वेळी पुरुषाचा आवाज. "मॅडम, तुमची सायबर तक्रार आमच्याकडे आली आहे, रक्कम सापडलीय. रिफंड टाकायला ४९९ रुपये प्रोसेसिंग भरा." तक्रार क्रमांक विचारला तर त्याला सांगता येईना. ज्यांनी ज्यांनी तक्रार केली आहे त्यांना असे फोन येत असतील तर तो नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि आधीच्या तक्रारीला जोडा.